डांबराखाली शिसं! आयडाहोचा ११७ किलोमीटरचा सायकल ट्रेल

तर मंडळी, हा मागे नकाशा दिसतोय ना, हे अमेरिकेतलं आयडाहो राज्य, त्याचा उत्तरेकडचा चिंचोळा भाग. इथे मलन नावाच्या डोंगरातल्या गावापासून प्लमरपर्यंत ७३ माइल्स, म्हणजे साधारण ११७ किलोमीटर, सलग डांबरी रस्ता आहे आणि त्यावर गाड्यांना बंदी. फक्त चालणारे आणि सायकलवाले. नाव ट्रेल ऑफ द कोर्डलेन्स. बराचसा नदीकाठून जातो, मग तलाव लागतो.

आता तुम्ही म्हणाल जुन्या रेल्वेवर ट्रेल बनवलाय, त्यात काय एवढं, अमेरिकेत असे ढिगाने आहेत. बरोबर, पण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी नुसती बारीक खडी दाबून काम भागवतात, स्वस्त पडतं. इथे डांबर टाकलं ते सायकल गुळगुळीत चालावी म्हणून नाही, म्हणजे चालते छानच, पण खरं कारण खाली आहे.

हा सगळा भाग चांदी, शिसं आणि जस्ताच्या खाणींचा. १८८० च्या दशकात खाणी सुरू झाल्या, मागोमाग रेल्वे आली. खाणीतला जो चुरा उरायचा ना, दगड दळून धातू काढून घेतल्यावरचा, तोच रुळांखाली भरावाला वापरला, फुकटचा माल होता. वरून वर्षानुवर्षं वॅगनमधून खनिज सांडत राहिलं ते वेगळंच. त्यात शिसं, आणि शिसं काही कुजत नाही, विरत नाही, आहे तिथेच बसून राहतं. रेल्वे बंद झाली तेव्हा प्रश्न पडला की एवढ्या लांबीची माती खणून टाकायची तरी कुठे?

मग रेल्वे कंपनी युनियन पॅसिफिक, सरकार आणि इथली मूळ आदिवासी कोर्डलेन जमात यांच्यात तोडगा निघाला. रूळ काढले, स्लीपर काढले, काही ठिकाणची माती उचलली आणि बाकीच्यावर खडी आणि डांबराचं झाकण घातलं. म्हणजे तुम्ही ज्यावर सायकल चालवताय ते झाकण आहे! २००४ मध्ये ट्रेल अधिकृतपणे खुला झाला, आज राज्याचं पार्क खातं आणि जमात मिळून तो सांभाळतात. मला हे डोकं आवडलं, खरंच, पण याला सफाई म्हणू नका हं, विष तिथेच आहे, नदीच्या गाळातही आहे, खालच्या पाणथळ भागात गाळ चाळून खाणारे हंस आजही शिशाने मरतात.

म्हणून तिथे सांगतात ते ऐका: डांबर सोडून बाजूच्या मातीत लोळू नका, खाण्याआधी हात धुवा, बुटांना चिखल लागला तर झटकून टाका, आणि लहान मुलं सोबत असतील तर डबल लक्ष, कारण त्यांचे हात सारखे तोंडात आणि शिशाचा त्रास त्यांनाच जास्त.

बाकी राइड मस्त. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे चढ-उतार अगदी हळू, गिअर बदलायची वेळच फारशी येत नाही. पाणथळीत सकाळी मूस दिसतो, हरणाच्या जातीतला पण घोड्याहून उंच, त्याच्याजवळ जाऊन सेल्फी वगैरे अजिबात नको. पुढे चॅटकोलेटचा जुना रेल्वे पूल लागतो, थेट तलावावरून. दमायचं नसेल तर मलनकडून सुरू करा, नदीबरोबर उतार मिळतो, फक्त तलाव ओलांडल्यावर प्लमरपर्यंत चढ आहे, तेवढ्यासाठी पायात थोडा दम शिल्लक ठेवा.