दाराबाहेरची जेन

मंडळी, सप्रेम नमस्कार.

सॉल्ट लेकमध्ये राहणाऱ्या आपल्याला 24 जुलैची मिरवणूक नवी नाही. 1847 साली या खोऱ्यात आलेल्या, मॉर्मन या ख्रिस्ती पंथातल्या स्त्रियांची नावे त्यांच्या खापरपणत्या त्या दिवशी अभिमानाने घेतात. यंदा माझ्या मुलीने मैत्रिणीकडून जेन मॅनिंग जेम्सची हकीकत ऐकली आणि घरी येऊन विचारले, "आई, तिला आत घेत नव्हते, तर ती तिथेच का राहिली?" तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

जेन ही कनेक्टिकटमधली स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री. ऐन विशीत तिने मॉर्मन पंथ स्वीकारला आणि 1843 साली आई-भावंडांसह ती इलिनॉयमधल्या नॉवूकडे निघाली. बफेलोला बोटीचा पुढचा प्रवास नाकारला गेल्यावर ही मंडळी सुमारे 800 मैल पायी गेली. तळपाय फुटून जमिनीवर रक्ताचे ठसे उमटू लागले, तेव्हा सर्वांनी थांबून प्रार्थना केली आणि पाय बरे झाले, असे तिने उतारवयात सांगितले आहे. नॉवूत ती संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या घरी राहून काम करीत असे. 1847 च्या सप्टेंबरात ती याच खोऱ्यात आली.

पुढे नवरा सोडून गेला, बहुतेक मुले तिच्या देखत गेली. मंदिरातले सर्वोच्च विधी मात्र कृष्णवर्णीयांना बंद होते. 1884 साली चर्चचे अध्यक्ष जॉन टेलर यांना पाठवलेल्या पत्रात, माझ्यासाठी काहीच आशीर्वाद नाही का, असे तिने विचारले. अखेर 1894 साली मंदिरातल्या एका विधीने तिला जोसेफ स्मिथ यांच्या कुटुंबाशी जोडले, तेही सेवक म्हणून, आणि त्या विधीलासुद्धा तिला आत न घेता तिच्या जागी एक गोरी स्त्री उभी केली. तेवढ्यावर तिचे समाधान झाले नाही. ती मागतच राहिली आणि चर्चमध्येही जातच राहिली. 1908 साली ती वारली. बंदी उठली 1978 साली.

जेनच्या मनात तिचा देव आणि तिची वाट अडवणारे लोक कधी एक झाले नसावेत, असे मी मुलीला सांगितले. त्यावर ती म्हणाली, "मग अडवणाऱ्यांना कुणी काही विचारले का?"

आपण चोखोबांचे, सोयराबाईंचे अभंग गहिवरून गातो, साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 साली पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले झाले हेही जाणतो. पण मुलांना सांगताना भक्तीपाशीच थांबतो आणि दार कोणी अडवले होते ते गाळतो. मंडळात नवे कुटुंब आले की आडनावावरून अजूनही मनातल्या मनात हिशेब मांडतो, हेही मी आपलेपणाने, पण स्पष्टच सांगते.

जेनच्या श्रद्धेचे कौतुक करावे, तर सोसणे हाच मोठा गुण असे मुलांना वाटेल, ही भीती आहे. न करावे, तर साठांहून अधिक वर्षे ज्या विश्वासावर ती जगली, तोच आपण तिच्याकडून हिरावून घेतो. हा पेच मला सुटलेला नाही. तुमच्यापैकी कोणी घरी मुलांशी याविषयी बोलले असेल, तर जेवणाच्या वेळी मला जरूर सांगावे.