तुम्ही बसता कशावर?

(बडोद्यातल्या मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, घरी गाणं ऐकायला बुकशेल्फ, म्हणजे कपाटात मावतील असे छोटे, स्पीकर घ्यावेत की जमिनीवर उभे राहणारे, ज्यांना आपण सरसकट टॉवर म्हणतो ते घ्यावेत, असा प्रश्न घेऊन कुणी आलं की मी उलट विचारतो, तुम्ही बसता कशावर? समोरचा गोंधळतो. त्याला वॅट सांगायचे असतात, इंच सांगायचे असतात, अमेरिकेतल्या भाच्यानं काय सुचवलं ते सांगायचं असतं. मी म्हणतो, ते सगळं नंतर. सोफ्यावर बसता, खाली गादीवर बसता, की झोपाळ्यावर? बडोद्यातलं घर म्हटलं की हा तिसरा पर्याय धरावाच लागतो.

यात थट्टा नाही. टॉवर बनवणाऱ्यानं ऐकणारा माणूस सोफ्यावर बसलेला धरलेला असतो. त्याचा कान जमिनीपासून सव्वातीन फुटांवर, म्हणून ट्वीटर, म्हणजे चढे स्वर वाजवणारा डब्यातला छोटा पडदा, तोही साधारण तिथेच. आता आपले आजोबा गादीला तक्क्या लावून मांडी घालून बसतात. त्यांचा कान अडीच-पावणेतीन फुटांवर. म्हणजे ट्वीटर त्यांच्या डोक्यावरून बोलणार. वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा पडदा, आणि ट्वीटर यांची हद्द बहुतेक स्पीकरांत दोन ते तीन हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, आसपास असते. तिथे दोघंही एकच स्वर वाजवत असतात, आणि दोघांचा आवाज कानापाशी एकाच वेळी पोचला तरच तो एकजीव होतो. कान खाली गेला की दोघांची अंतरं बदलतात आणि नेमका त्या हद्दीवर खड्डा पडतो. बंदिशीचे शब्द, त्यातली व्यंजनं कळतात ती बरीचशी याच भागामुळे. बुवा चांगले गातात पण शब्द कळत नाहीत, ही तक्रार काही वेळा बुवांची नसून गादीच्या उंचीची असते. बुकशेल्फ स्पीकर मात्र स्टँडवर बसतो, आणि स्टँड किती उंच करायचा हे तुमच्या हातात असतं. टॉवरचे पाय कोण कापणार?

आता खर्जाकडे येतो, कारण टॉवर विकले जातात ते खर्जाच्या नावावर.

आपण ज्या गावात बसलोय त्या गावात गाणं म्हणजे काय हे सांगण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं गवई मौलाबक्षांनी इथे 1886 साली संगीतशाळा काढली, 1916 साली भातखंड्यांची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच गावात भरली, आणि फैयाज खाँसाहेब इथल्या दरबारचे गवई. तेव्हा तुम्ही घरी ऐकणार ते बहुतेक ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, असं मी धरून चालतो. या गाण्यात सगळ्यांत खालचा स्वर कोणता? काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गाणाऱ्या पुरुष गवयाचा मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्झ. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69. बाई काळी चारमध्ये गात असतील तर खर्ज 104. गवयानं मंद्र सप्तकात कितीही खोल जायचं ठरवलं तरी या 69 च्या फार खाली जायला त्याला जागा नसते. आणि साडेसहा इंची वूफरचा बरा बुकशेल्फ स्पीकर पन्नास-पंचावन्न हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरतो.

टॉवर उतरतो 35-40 पर्यंत. बेस गिटारची सगळ्यांत जाड तार 41 ला बोलते, पियानोची डावीकडची शेवटची पट्टी साडेसत्तावीसला. ते ऐकणाऱ्यानं टॉवरचा विचार जरूर करावा. पण ख्याल ऐकणाऱ्यानं 40 हर्ट्झसाठी पैसे मोजणं म्हणजे एकट्यादुकट्यानं पंगतीची भांडी विकत घेणं.

इथे कुणीतरी म्हणेल, अहो, आम्ही लहानपणी विताएवढ्या ट्रान्झिस्टरवर तानपुरा ऐकला, त्यात खर्ज होताच की! होता, आणि नव्हताही. त्या ट्रान्झिस्टरच्या चिमुकल्या स्पीकरातून 69 हर्ट्झ निघणं शक्यच नव्हतं. पण त्या तारेबरोबर 138, 207, 276 असे तिचे पट वाजत असतात. ते कानाला मिळाले की मेंदू पायाचा स्वर स्वतःच भरून घेतो. जवारी, म्हणजे घोडीवर तारेला येणारी झणझण, नीट लावलेला तानपुरा तर अशा पटांनी खचाखच भरलेला असतो. सर सी. व्ही. रामन यांनी 1921 साली तानपुरा आणि वीणेच्या याच श्रीमंतीवर शोधनिबंध लिहिला होता. म्हणून छोट्या स्पीकरवर तानपुरा कधी दरिद्री वाटत नाही. दरिद्री वाटतो तो डग्गा. डग्ग्याच्या आवाजात मूळ स्वराचाच भरणा जास्त, त्यामुळे तो खरोखर वाजवावा लागतो, तिथे मेंदूची उसनवारी चालत नाही. चार इंची वूफरच्या खेळण्यावर डग्गा पुठ्ठ्याचा होतो. तेव्हा बुकशेल्फ घ्या म्हणताना मी साडेपाच-साडेसहा इंची वूफरबद्दल बोलतोय, हे लक्षात ठेवा.

जाता जाता, फैयाज खाँसाहेबांच्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या, तबकड्या टॉवरवर 'भारदस्त' वाटतील म्हणून कुणी टॉवर घेत असेल, तर त्या तबकडीवर खर्ज फारसा उतरलेलाच नाही. खाली ऐकू येईल ती तबकडीची घरघर.

मग टॉवरमध्ये काहीच राम नाही का? आहे. जोसेफ अँटन हॉफमन नावाच्या माणसानं एक नियम मांडला, स्पीकरवाले त्याला लोखंडी नियम म्हणतात. लहान डबा, खोल खर्ज आणि थोड्या ताकदीत मोठा आवाज, या तिन्हींतली कोणतीही दोनच मिळतात. 1954 मध्ये एडगर विलचर यांनी डबा पूर्ण बंद केला आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं कामाला लावलं. तिथून लहान डब्यात खर्ज मिळू लागला आणि कपाटात मावणारा स्पीकर ही जात जन्माला आली. पण किंमत चुकवावी लागलीच. असा स्पीकर अँप्लिफायरची ताकद खातो. बुकशेल्फची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक ताकदीत किती आवाज निघतो ते माप, 85 डेसिबल आणि टॉवरची 91 असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी बुकशेल्फला चौपट वॅट लागतात.

शिवाय स्वर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी वूफरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. 80 ला एक मिलिमीटर, तर 40 ला चार. टॉवरमध्ये दोन-तीन वूफर हे कष्ट वाटून घेतात. म्हणून मोठ्या आवाजात टॉवर दमत नाही. माझ्या मते टॉवरचा खरा गुण हा, ही निवांतपणाची चाल. पंधरा बाय वीसचा दिवाणखाना असेल, दहा माणसं जमून गाणं ऐकत असतील, किंवा घरात नवरात्राच्या आधी महिनाभर गरब्याचा सराव चालत असेल, तर टॉवरच घ्या, बुकशेल्फच्या जिवावर उठू नका.

माझं घर तसं नव्हतं. दहा बाय बाराची खोली, खाली कोटा फरशी. तरी मी टॉवर आणले. दुकानातला हॉल मोठा, तिथे ते मारव्यात असे काही बोलले की मी आगाऊ रक्कम देऊनच उठलो. घरी दोन कोपऱ्यांशिवाय जागा नव्हती, दोन्ही तिथे उभे केले. संध्याकाळी विलंबित लावलं. तबलजीनं डग्ग्यावर घिस्सा घेतला, म्हणजे तळहात सरकवत स्वर चढवला, आणि स्वर वर सरकताना मध्येच एका जागी 'घूंऽऽ' करून खोलीभर पसरला. पुढे पुन्हा ठीक. दर आवर्तनात तेच. आई आतून म्हणाली, ''अरे, बुवा समोर बसलेत आणि तबलजी काय टाकीत बसलाय?''

निदान अचूक होतं. बारा फूट म्हणजे 3.66 मीटर. एवढ्या अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये 47 हर्ट्झ आणि त्याच्या दुपटीला, 94 ला, हवा झोके घेऊ लागते. डग्ग्याचा घिस्सा नेमका 94 वरून सरकत जायचा आणि दरवेळी खोली त्याला उचलून धरायची. तबलजी फुकटात माझी खोली मोजून देत होता. आता 94 तर छोटा स्पीकरही वाजवतो, मग टॉवरला दोष का? दोष कोपऱ्याचा. दोन भिंती आणि जमीन जिथे मिळतात तिथून खोलीतला प्रत्येक झोका जोरात उठतो, आणि वीस-पंचवीस किलोचं धूड कोपऱ्यातून रोज पुढे ओढायचं तर घरात भांडणं होतात. बुकशेल्फची जोडी मी गाणं ऐकायच्या वेळी भिंतीपासून दोन हात पुढे ठेवतो, संपलं की मागे सरकवतो. टॉवर मी दीड वर्षानं एका मोठ्या घरातल्या मित्राला दिले. तिथे ते आजही सुखात आहेत.

बुकशेल्फ हे नाव मात्र फसवं आहे. ज्याच्या पाठीला हवेचं भोक आहे तो पुस्तकांच्या कपाटात कोंबला की गुरगुरतो. पोकळ लाकडी स्टुलावर ठेवला तर स्टूलही गाऊ लागतं. लोखंडी स्टँड घ्या, त्याच्या नळीत चाळलेली कोरडी रेती भरा, आणि स्टँडचे पैसे पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा. जमिनीवरची जागा वाचते हाही भ्रमच, स्टँड टॉवरएवढीच जागा खातो. रावपुऱ्यासारख्या जुन्या भागात कुणाची वरच्या मजल्यावर लाकडी तक्तपोशी असेल तर टॉवर ठेवण्याआधी खालच्यांना विचारा. आणि जुने स्पीकर घेताना वूफरची कड बोटानं हळूच दाबून बघा. फोमची असेल तर आपल्या पावसाळी हवेत दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होतो. रबराची टिकते.

राहिला झोपाळा. वरच्या हिशोबात 94 चा फुगवटा खोलीच्या बरोबर मध्ये असतो आणि भिंतीपासून तीन फुटांवर तोच स्वर जवळजवळ नाहीसा होतो. आमचे एक काका मध्यावर टांगलेल्या झोपाळ्यावर बसून ऐकायचे आणि तक्रार करायचे की हा तबलजी डग्गा मध्येच दाबतो, मध्येच सोडतो, पण लयीत करतो हो! लय झोपाळ्याची होती. त्यावर माझ्याकडे इलाज एकच आहे, विलंबित चालू असेपर्यंत पाय जमिनीला टेकवून ठेवा. द्रुत सुरू झालं की खुशाल झोके घ्या.

आज मी बुकशेल्फची जोडी घेऊन आलोय, स्टँड गादीच्या हिशोबानं कापलेत. खुर्च्यांवरच्या मंडळींपैकी ज्यांचे गुडघे परवानगी देत असतील त्यांनी पुढे सतरंजीवर या. पंखे दोन मिनिटं बंद करतो.