नाडगावच्या लेकीला नाडगावचं मत नव्हतं

(दृश्य: जळगाव जिल्हा, सावदा-फैजपूर रस्ता, दोन्ही अंगांना केळीच्या बागा.)

डिसेंबर 1936. याच फैजपुरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. बांबूचा मांडव नंदलाल बोस यांच्या कल्पनेतला, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. मागणी रोखठोक होती: देशाची घटना लिहायला घटना समिती हवी, आणि ती प्रौढ मताधिकारानं निवडलेली हवी. म्हणजे केळीला पाणी धरणाऱ्या सालदारालाही (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यालाही) मत.

दहा वर्षांनी घटना समिती आली, पण प्रांतांच्या आमदारांनी निवडलेली. आणि जुलै 1947 मध्ये तिथे खुद्द नेहरूंनीच मांडलं, की राष्ट्रपती जनतेनं थेट निवडायचा नाही.

फैजपूर विसरले म्हणायचे का?

जरा गावातलंच बघा. 2017 मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा आला. (मध्ये गेला, परत आला.) तेव्हापासून कुठे कुठे सरपंच एका पॅनलचा, बॉडी (म्हणजे सदस्य) दुसऱ्याची. सरपंच म्हणतो, मला गावानं निवडलंय. सदस्य म्हणतात, मग आम्हाला काय भुसावळनं निवडलं? गटारीचं काम तसंच पडून.

दिल्लीत नेमकं हेच नको होतं. कारभार मंत्रिमंडळानं करायचा, ते लोकसभेला जबाबदार. अख्ख्या देशाची मतं घेऊन आलेला माणूस मग नुसत्या सह्या कशाला करत बसेल? घटना समितीचे सदस्य के. टी. शहांनी थेट निवडणुकीचा आग्रह धरला, तेव्हा आंबेडकरांनीही हेच सांगितलं: पद नामधारी आहे. शिवाय मतदार अफाट, खर्च अफाट. हे खर्चाचं कारण मला लंगडं वाटतं. 1951-52 मध्ये याच देशानं 17 कोटींहून जास्त मतदारांची निवडणूक पार पाडली.

बरं, नुसत्या खासदारांवरही सोपवलं नाही. दिल्लीत ज्यांचं बहुमत, त्यांचाच राष्ट्रपती झाला असता. म्हणून राज्यांचे आमदार आले. आमदाराच्या मताचं मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरतं. महाराष्ट्राची 1971 ची लोकसंख्या 5,04,12,235. भागिले 288 आमदार, भागिले 1000. उत्तर 175. रावेरचा आमदार असो की मलबार हिलचा, मताचं मूल्य तेवढंच.

(दृश्य: बोदवड तालुका, नाडगाव.)

प्रतिभाताई पाटील यांचा जन्म इथला. एदलाबादनं, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरनं, त्यांना 1967 पासून सलग चार वेळा आमदार केलं. 2007 मध्ये त्या राष्ट्रपतिपदाला उभ्या राहिल्या. 19 जुलैला मतदान झालं, पण नाडगावात कुणाच्या बोटाला शाई लागली नाही. मतपेट्या दिल्लीत होत्या, आणि राज्यांच्या राजधान्यांत.