मोडलं तर सांगा, आवडलं तर मागा

श्रोतेहो, नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की आपलं कोल्हापूर माणसांनी फुलून जातं. अंबाबाईचं दर्शन, जोतिबा, पन्हाळा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ आणि रात्री तांबडा-पांढरा. पूर्वी ही मंडळी यात्री निवासात नाहीतर लॉजवर उतरायची. आता बरीच जणं कुणाच्या तरी घरात उतरतात. पेठेत एखाद्याची माडी रिकामी असते, पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला लागलेली असतात. दोन खोल्या, गॅस, चार भांडी आणि स्वच्छ अंथरूण-पांघरूण असलं की झालं. पन्हाळ्याच्या वाटेवर तर शेतातल्या घरांवरही ‘होमस्टे’च्या पाट्या लागल्यात. घरातल्या बाईच्या हातात तिचे स्वतःचे चार पैसे येतात, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण या घरांच्या मालकिणी भेटल्या की एक गाऱ्हाणं हटकून ऐकायला मिळतं. पाहुणे वस्तू नेतात, पाहुणे वस्तू मोडतात, आणि सांगत नाहीत. मला आज बोलायचंय ते या न सांगण्याबद्दल.

काय काय जातं? टॉवेल जातात, उशीचे अभ्रे जातात, चमचे जातात. गॅसचा लायटर तर हमखास जातो. पुष्कळदा ते मुद्दाम नेलेलं नसतं. पहाटेची गाडी गाठायची असते, हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं जातं. ते मी समजू शकते.

आणि खराब काय होतं? जोतिबाहून आलेली माणसं गुलालानं नखशिखान्त माखलेली असतात. चैत्री यात्रेला तर अख्खा डोंगर गुलाबी होतो. ‘चांगभलं’ करून आलेला माणूस दमून तसाच पलंगावर आडवा होतो. सकाळी उशी, चादर, मागची भिंत, सगळ्यावर जोतिबाचा प्रसाद. गुलाल कोरडा आहे तोवर झटकला तर बराचसा निघतो, ओला हात फिरवला की बसलाच. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेलाचा मात्र जाता जात नाही. चप्पल लाइनमधून नवी कोल्हापुरी घ्यायची, ती मऊ पडावी म्हणून तिला खोबरेल चोपडायचं आणि रात्री ती ठेवायची गादीवर! त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जाता जाता सांगते, घ्यायचीच तर कातड्याची, हातानं शिवलेली घ्या. रेक्झिनची नक्कल पायात घालून तिला कोल्हापुरी म्हणू नका. तो आपल्या कारागिरांवर अन्याय आहे.

असो. डाग पडतो, पेला फुटतो, नळाची चावी हातात येते. राहतं घर म्हटलं की हे होणारच. माझं सांगणं दोनच गोष्टींचं आहे, आणि ते मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे. मोडलं तर सांगा. आवडलं तर मागा.

का सांगायचं, ते आमच्या आत्याच्या वरवंट्यावरून सांगते.

माझी आत्या शिवाजी पेठेत राहते. जुनं घर आहे. खाली सोपा, मागं परडं, वर माडी. माडीवर दोन खोल्या आणि लहानसं स्वयंपाकघर. ती माडी आत्या बाहेरगावच्या कुटुंबांना देते. त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक पाटा आहे. काळ्या दगडाचा, माझ्या आजीच्या सासूच्या वेळचा, अजून वेळच्या वेळी टाकी लावून घेतलेला. मटण करून खायला येणाऱ्या पाहुण्यांना वाटण पाट्यावर वाटता यावं, म्हणून आत्यानं तो मुद्दाम वर ठेवलाय. तांबड्या रश्श्याचं वाटण पाट्यावरचंच, या मताची मीही आहे. मिक्सरमध्ये खोबरं तापतं, मसाल्याचा वास बदलतो. वेळ नसेल तर खुशाल मिक्सर लावा, पण चव तीच लागते असं मला सांगू नका.

त्या पाट्याचा वरवंटा हाताला अगदी गुळगुळीत. एका टोकाला किंचित झिजलेला, कारण आमच्याकडच्या सगळ्या बायका उजव्या हातानं जरा जास्त जोर देणाऱ्या. आमच्या घरात त्याला आणखी एक मान होता. बारशाला त्यालाच कुंची घालायची आणि पाळण्याखालून-वरून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात द्यायचा. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. माझ्या बारशाला तोच फिरला, माझ्या भावंडांच्या आणि त्यांच्या मुलांच्याही.

तर एका नवरात्रात आत्याकडे एक कुटुंब उतरलं. नवरा-बायको, दोन मुलगे आणि एक आजी. माणसं चांगली. चपला जिन्याखाली काढायची, पाणी जपून वापरायची. आजी तर सकाळी खाली येऊन आत्याबरोबर फुलं निवडायला बसायच्या. निघताना सगळे पाया पडून गेले. अनामत हजार रुपये घेतली होती, ती आत्यानं खोली न बघताच परत दिली.

दुपारी झाडलोट करणाऱ्या मावशी वर गेल्या आणि त्यांनी हाक मारली, “आक्का, वरवंटा खाली आणलाय का वं?”

आत्या वर गेली. पाटा जागच्या जागी, पुसून उभा करून ठेवलेला. वरवंटा नाही. कॉटखाली बघितलं, मोरीत बघितलं, गच्चीवर बघितलं. टॉवेल होते, चमचे मोजून होते, लायटरसुद्धा होता. पाच किलोचा दगड तेवढा नाही. वहिनी म्हणाली, दगड कोण नेईल? आत्या म्हणाली, “तेच म्हंते मी. दगूड कोन नील?”

वहिनीनं पाहुण्यांना फोन लावला. नवऱ्यानं उचलला. तो म्हणाला, आम्हाला काही माहीत नाही, आम्ही पाट्याला हातच लावला नाही.

आता बघा, इथून पुढं काय झालं. पाहुणे नाही म्हणाले. चांगली माणसं, पाया पडून गेलेली, ती कशाला खोटं बोलतील? मग राहिलं कोण? वर जाणारं आणखी कोण होतं? मावशी. वर्षानुवर्षं त्या घरात हात फिरवणारी बाई. वरवंटा नाही हे आधी त्यांनाच दिसलं, त्यांनीच सांगितलं, आणि संशयही त्यांच्यावरच आला. कुणी तोंडानं ‘चोर’ म्हटलं नाही. आत्यानं एवढंच विचारलं, “तू चटणीला म्हणून घरी न्हेला न्हाईस न्हवं?” मावशी काही बोलल्या नाहीत. हातातलं काम संपवलं, केरसुणी कोपऱ्याला लावली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

श्रोतेहो, एवढ्यासाठी मी ही गोष्ट सांगते आहे. पाहुण्यानं लपवलेल्या वस्तूचा ठपका पाहुण्यावर येत नाही. तो तर गाडीत बसून गेलेला असतो. ठपका येतो झाडणाऱ्या बाईवर, दूध टाकणाऱ्या पोरावर, चादरी धुऊन आणणाऱ्या परटावर. ज्यांना घरात रोज यावं लागतं आणि ज्यांचं पोट त्या घरावर असतं, त्यांच्यावर.

पुढं दसरा झाला. दिवाळी तोंडावर आली. आणि एका सकाळी आजी दारात. बरोबर मुलगा, खाली मान घालून. त्याच्या हातात एक जड पिशवी.

झालं होतं ते असं. अष्टमीच्या रात्री आत्या पालखीला गेली होती. वर पोरं वरवंटा गॅलरीत घरंगळवत खेळत होती. तो कठड्याच्या फटीतून निसटला आणि खाली परड्यातल्या दगडी पायरीवर पडला. सरळ दोन तुकडे. बाप घाबरला. जुन्या वाड्यातली वस्तू, किती पैसे मागतील कोण जाणे, अनामत तर जाईलच. त्यानं अंधारात तुकडे गोळा केले आणि डिकीत स्टेपनीखाली ठेवले. आजींना पत्ताच नाही. पुढं गाडी धुवायला काढली तेव्हा त्यांनी ते तुकडे बघितले. त्यांनी मुलाला एवढंच म्हटलं, “मला कोल्हापूरला घेऊन चल.”

पिशवीत कापडात गुंडाळलेले दोन तुकडे होते, आणि रस्त्याकडेच्या पाथरवटाकडून घेतलेला एक नवा वरवंटा. मुलगा आत्याला म्हणाला, काकू, चूक झाली. आत्या काही बोलणार तोवर आजींनीच विचारलं, “त्या झाडायला येणाऱ्या बाई कुठं आहेत?” सगळी गप्प. मग वहिनीनं सांगितलं. आजी पायातल्या चपला न काढता तशाच वळल्या. आत्या त्यांच्याबरोबर निघाली. दोघी बोळातून मावशींच्या घरी गेल्या. मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. आजींनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “बाई, माझ्या लेकानं फोडला. बोल तुला लागला.” आणि आत्या, जी आम्हा कुणापुढं कधी नमलेली मी बघितली नाही, ती म्हणाली, “मी उगं बोललो तुला. चल घरला.”

मावशी आल्या. लगेच नाही, दिवाळीनंतर आल्या. तो त्यांचा अधिकार होता.

नवा वरवंटा आता वापरात आहे. आधी तांदूळ आणि खडेमीठ वाटून वाटून त्याची कच काढावी लागली. जुन्या पाट्यावर तो अजून नीट बसत नाही. जुने तुकडे आत्यानं तुळशीपाशी ठेवलेत. मुलाचे पैसे तिनं घेतले नाहीत. ती त्याला म्हणाली, “त्याच राती सांगितला असतास, तर मी पोरास्नी लागलं का एवढंच इचारलं असतं.”

म्हणून म्हणते, मोडलं तर सांगा. त्याच रात्री सांगा. निघून गेल्यावर आठवलं तर फोन करा. लायटर बॅगेत सापडला तर कुरिअर करा, नाहीतर किंमत पाठवून द्या. आणि आवडलं तर मागा. मातीचं बोळकं आवडलं, चटणी आवडली, गोधडी आवडली, तर विचारा. कोल्हापूरचा माणूस मागितलेल्याला सहसा नाही म्हणत नाही. आणि ‘नाही’ म्हणालाच, तर तेवढं मान्य करा.

कायद्याचंही थोडक्यात सांगते. भाड्यानं राहिलेल्या घरातली वस्तू मुद्दाम नेणं ही चोरीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे. वस्तू पाच हजार रुपयांच्या आतली असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा सांगितली आहे. एका टॉवेलासाठी कुणी कोर्टात जाईल असं नाही, पण टॉवेल नेणं म्हणजे काय ते कायद्यानं लिहून ठेवलंय.

आता दोन शब्द घरमालकांना. बाहेरच्याला आसरा देणं या गावाला नवं नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, मग एकेका समाजाची वसतिगृहं इथं उभी राहिली, आणि खेड्यापाड्यातली पोरं त्यातून शिकून मोठी झाली. त्या जुन्या बोर्डिंगांची निगा राखायला आज आपण कमी पडतो, याचं मला फार वाईट वाटतं. तो विषय वेगळा, पण मनात आला तो बोलले. त्या गावातली आपण माणसं. पाहुण्याच्या स्वागताला भिंतीवर ‘हे करू नये, ते करू नये’ अशी लांबलचक यादी चिकटवू नका. ती वाचूनच माणूस भितो, आणि भ्यालेला माणूस लपवतो. अनामतीचंही तेच. रक्कम थोडी ठेवा, आणि पेला फुटला तर ती जप्त होणार नाही हे आल्या आल्या तोंडानं सांगा.

पाहुणा आला की त्याच्याबरोबर एकदा खोल्यांतून फिरा. गिझर कसा लावायचा, कडी कुठली जड जाते, ते दाखवा. जाताना पुन्हा एकदा फिरा, त्याच्यासमोर, हसतखेळत. मोबाइलवर आधीचे आणि नंतरचे फोटो असू द्या. एअरबीएनबीवर घर दिलं असेल तर नुकसानीची मागणी पाहुणा गेल्यापासून चौदा दिवसांत नोंदवावी लागते, तेव्हा चादरी बदलतानाच बघून घ्या. जुनी झालेली चादर खराब झाली तर नव्या चादरीची किंमत लावू नका. आणि वस्तू दिसली नाही, तर आधी पाहुण्याला दोनदा विचारा. आपल्या घरात राबणाऱ्या माणसाला विचारायची वेळ आलीच, तर बाजूला घेऊन, शांतपणे विचारा.

तुमच्या घरी पाहुणे उतरत असतील आणि तुम्हाला असा काही अनुभव आला असेल, तर आम्हाला पत्र जरूर लिहा. नमस्कार.