टोटल लॉस : एका ई-क्लासची दुरुस्ती

(दृश्य : यार्डातील गाड्यांची रांग. कॅमेरा एका पांढऱ्या सेडानपाशी थांबतो.)

पुण्याबाहेरच्या या यार्डात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर लिलावाचा एक लॉट क्रमांक आहे, आणि त्या क्रमांकापलीकडे तिची दुसरी कोणतीही ओळख येथे विचारली जात नाही. समोर दिसते आहे ती मर्सिडीज-बेंझ ई-क्लास. लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत अधिक अंतर असलेली, ही आवृत्ती भारतात २०१७ मध्ये आली आणि ती चाकणच्या कारखान्यात जुळवली गेली. ज्या परिसरात ही गाडी तयार झाली, त्याच परिसरात ती आज सॅल्व्हेज, म्हणजे अपघातातून उरलेला माल, म्हणून विकली जाणार आहे.

तिचा उजवीकडचा पुढचा कोपरा दुभाजकावर आदळला. हेडलॅम्पच्या जागी नुसत्या वायरी लोंबत आहेत, बोनेट मधोमध दुमडले आहे, रेडिएटर मागे सरकून पंख्याला टेकला आहे आणि स्टीअरिंगमधून फुटून आलेली एअरबॅग सीटवर पडली आहे. आता कॅमेरा डावीकडून मागे जातो तेव्हा नीट पाहावे. चारही दरवाजे एका बोटाने उघडतात आणि पूर्वीसारखेच बंद होतात, छताच्या रेषेत कोठेही सुरकुती नाही, आणि विंडस्क्रीनच्या मागे, म्हणजे जेथे माणसे बसली होती तेथे, पत्र्याला ओरखडाही आलेला नाही. पुढचा भाग चुरडला जावा आणि माणसांची जागा वाचावी, अशाच हिशेबाने ही गाडी बांधलेली असते आणि तिने आपले काम चोख केले आहे.

मग तिला टोटल लॉस का म्हटले गेले? विम्याच्या अटींनुसार, गाडी आणण्याचा आणि दुरुस्त करण्याचा एकूण खर्च तिच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विमा उतरवताना ठरवलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर ती टोटल लॉस धरली जाते. ही किंमत दर वर्षी कमी होत जाते. चार वर्षे पूर्ण केलेल्या आणि पाच वर्षांच्या आतील गाडीसाठी कंपनीच्या सध्याच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा केला जातो. साठ लाखांची गाडी अशा रीतीने विम्याच्या कागदावर तीस लाखांची होते, आणि दुरुस्तीचा अंदाज साडेबावीस लाखांच्या पुढे गेला की तिचे भवितव्य ठरते. सुटे भाग मात्र नव्या गाडीच्याच भावाने मिळतात. एलईडी हेडलॅम्प, एअरबॅगचा संच, रडार, रेडिएटर, बोनेट आणि मजुरी यांची बेरीज करायला विम्यासाठी नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरला एक दुपार पुरते. इंजिन आणि गिअरबॉक्स धडधाकट असलेली महागडी गाडी लिलावात येते ती अशी. तिचा पत्रा संपलेला नसतो. घसरता आयडीव्ही आणि चढते सुटे भाग यांच्या कात्रीत ती सापडलेली असते.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर चालू असलेली बोली.)

लिलाव ऑनलाइन होतो, परंतु जाणकार मनुष्य छायाचित्रांवर भरवसा ठेवत नाही. विक्री 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर असते. नंतर काही निघाले तर ते घेणाऱ्याच्या पदरी. म्हणून ही गाडी घेणारे भोसरीचे वर्कशॉप-मालक बोलीच्या आधी यार्डात येऊन गाडीच्या खाली झोपतात. बोनेटकडे ते फारसे पाहतही नाहीत, कारण बोनेट बदलता येते. ते पाहतात ते चासीचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचे, पुढचे दोन हात, आपरनचे, म्हणजे पुढच्या चाकांवरच्या आतील पत्र्याचे, जोड आणि ते जोड बुजवणारा कारखान्यातील लेप, म्हणजे सीलंट. जेथे पत्रा आतून सरकला असेल तेथे सीलंटला बारीक तडा गेलेला असतो, आणि बॅटरीच्या उजेडात तो तडा येथे स्पष्ट दिसतो आहे. विंडस्क्रीनच्या अलीकडे तो थांबतो. बोली लावायची की नाही, हे त्या रेषेने ठरवले. किती रुपयांना ती सुटली, हे मालकांच्या विनंतीवरून आम्ही सांगत नाही.

(दृश्य : भोसरी. गाडी बेंचवर, म्हणजे चासी सरळ करण्याच्या लोखंडी चौकटीवर, चढवली जात आहे.)

यापुढचे काम ज्यांच्या हातात आहे, त्यांना येथे सगळे मिस्त्री म्हणतात. सर्वसाधारण समजूत अशी की डेंटर, म्हणजे पत्रा सरळ करणारा कारागीर, म्हटला की हातोडा. मिस्त्रींच्या हातात सुरुवातीला हातोडा दिसणारच नाही. दिसेल ती मोजपट्टी. या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर, ३०७९ मिलिमीटर आहे. डावीकडे पट्टी नेमकी त्या आकड्यावर बसते. उजवीकडे ती त्याच्या बरीच अलीकडे थांबते. मिस्त्री पट्टी पुन्हा लावतात, त्यांचा हाताखालचा मुलगा दुसरे टोक धरून असतो, आणि आकडा बदलत नाही असे दिसल्यावरच खडूने फरशीवर तो लिहिला जातो.

त्यानंतर गाडी तिच्या खालच्या कडांवर चार क्लॅम्पनी बेंचला आवळली जाते. चासीवरील ठरावीक छिद्रे आणि बोल्टच्या जागा यांची लांबी, रुंदी आणि उंची कंपनीच्या आलेखात दिलेली असते. प्रत्येक बिंदू त्या आलेखाशी ताडून पाहिला जातो, आणि कोणता हात किती मागे, किती वर आणि किती आत गेला आहे याचा हिशेब मांडला जातो. मग साखळी लागते. धक्का ज्या दिशेने आला, त्याच्या नेमक्या उलट दिशेने हायड्रॉलिक जॅक हळूहळू ओढू लागतो. पत्र्याला आपल्या वाकलेल्या आकाराची सवय झालेली असते. ताण सोडला की तो थोडा परत फिरतो. म्हणून मिस्त्री ओढतात, थांबतात, जोडांवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके देत पत्र्यातला ताण मोकळा करतात, साखळी सैल करतात आणि पुन्हा मोजतात. हे चित्रण आम्ही मुद्दाम फारसे कापलेले नाही, कारण या दुरुस्तीचा प्राण येथेच आहे. चासी अजून वाकडी असताना पुढचा कितीही सुंदर रंग लावला, तरी ती गाडी ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढणार आणि टायर एका कडेने खाणार.

सगळाच पत्रा ओढून सरळ करता येत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. बंपरच्या मागचे क्रॅश बॉक्स एकदाच चुरडण्यासाठी असतात. ते बोल्ट काढून बदलले जातात. दरवाज्यांमधील खांबासारख्या भागांत जे पोलाद असते, ते कारखान्यात सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवून साच्यातच दाबून झटकन थंड केलेले असते, आणि त्याची सारी ताकद त्या थंड होण्यातून आलेली असते. अशा पत्र्याला गॅसची ज्योत दाखवली तर तो मऊ पडतो, आणि पुढच्या अपघातात तो दगा देतो. या गाडीचे खांब सुदैवाने जागचे हललेले नाहीत. तरीही ज्योत कोठे लावायची नाही, हे मिस्त्री हाताखालच्या मुलाला बोट ठेवून दाखवतात, तो क्षण आम्हाला महत्त्वाचा वाटला.

(दृश्य : डावीकडचा फेंडर, जवळून.)

ई-क्लासचे बोनेट आणि पुढचे फेंडर अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. उजवा फेंडर आणि बोनेट बदलावेच लागले. डाव्या फेंडरला मात्र एकच खोल पोचा होता, आणि तो मिस्त्रींनी काढायला घेतला. पोलाद तापले की लाल होते आणि सावध करते. अ‍ॅल्युमिनियम रंग बदलत नाही. ६६० अंशांना ते थेट वितळते. त्यामुळे पोच्याच्या कडेला तापमान दाखवणारी पट्टी चिकटवली आहे, आणि मिस्त्रींची नजर पत्र्यापेक्षा त्या पट्टीवर अधिक आहे. हत्यारेही वेगळी आहेत, कारण पोलादाचा कीस अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतला तर तेथून रंगाखाली गंज धरतो. हीट गन दूर होते, आतून लाकडी दांड्याचा दाब येतो, आणि पोचा बाहेरच्या कडेपासून मध्याकडे, कुंभाराच्या हातातले मडके भरत जावे तसा, भरून येतो. शेवटी उरलेली खोली तळहाताला जाणवते, डोळ्याला दिसत नाही. तेथे पुट्टीचा अगदी पातळ हात पुरतो.

ही कला शिकणारा नवा शिष्यवर्ग कमी होत चालला आहे, कारण पोचा काढण्यापेक्षा पत्राच बदलणे अधिकृत वर्कशॉपला सोयीचे पडते. आमच्या मते या हातांची किंमत त्या सोयीपेक्षा मोठी आहे.

(दृश्य : डॅशबोर्ड उघडलेला.)

एअरबॅग एकदा फुटली की तिचा उपयोग संपतो, आणि सीटबेल्टचा पट्टा धक्क्याच्या क्षणी आवळून धरणारा प्रीटेन्शनरही एकदाच उडतो. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये त्या अपघाताची नोंद कायम राहते. येथे दोन्ही एअरबॅग, दोन्ही पट्टे आणि युनिट नवे बसवले, आणि कंपनीच्या ऑनलाइन प्रणालीतून त्यांचे कोडिंग करून घेतले. खर्चाचा सर्वांत मोठा आकडा याच टप्प्यावर लागला. बाजारात याचा एक स्वस्त पर्याय मिळतो: एअरबॅगच्या जोडणीत एक लहानसा रेझिस्टर बसवायचा, म्हणजे डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझतो आणि आत एअरबॅग नसतेच. तो रेझिस्टर मालकांनी कॅमेऱ्यासमोर तळहातावर धरून दाखवला आहे. तांदळाच्या चार दाण्यांएवढी ती वस्तू आहे. अशी गाडी कोणी तरी आपल्या कुटुंबासाठी विकत घेतो.

रंग, रडार आणि कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन आणि चाकांचे अलाइनमेंट यांनंतर गाडी रस्त्यावर आली. फरशीवर खडूने लिहिलेला आकडा पुसून तेथे ३०७९ लिहिला गेला, आणि या वेळी तो दोन्ही बाजूंना सारखा होता.

(दृश्य : कागदपत्रांची फाइल.)

कागदांचे काम थोडक्यात सांगतो. लिलावात गाडी आरसीसह, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रासह, घेतलेली असावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार कायमची निकामी झालेली गाडी असेल, तर मालकाने १४ दिवसांच्या आत वा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचे असते; तसे न कळवल्यास अशा गाडीचा जिवंत राहिलेला चासी क्रमांक चोरीच्या गाडीवर चढवण्याचे प्रकार घडतात. दुरुस्त होणाऱ्या गाडीसाठी फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी नव्या नावावर करून घ्यावी लागते. ती जुन्याच नावावर राहिली तर पुढच्या अपघाताची भरपाई जुन्या मालकाच्या गळ्यात पडू शकते; सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरले आहे.

ब्रिटनमध्ये चासीपर्यंत इजा झालेल्या आणि पुन्हा दुरुस्त करता येण्याजोग्या गाडीवर २०१७ पासून 'एस' हा शेरा बसतो, अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीपत्रावरच 'सॅल्व्हेज' असे छापलेले येते. आपल्या आरसीवर यापैकी काहीच येत नाही. ज्याने बेंचवर घाम गाळला आणि ज्याने पुट्टीने भरून काढले, त्या दोघांच्या गाड्या कागदावर सारख्याच दिसतात.

म्हणून या वर्कशॉपने स्वतःची फाइल केली आहे. तीत अपघातानंतरची छायाचित्रे आहेत, बेंचवरचे आधीचे आणि नंतरचे आकडे आहेत, एअरबॅग आणि पट्ट्यांची बिले आहेत आणि प्रत्येक पत्र्यावरील रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये नोंदलेली आहे. विमा कंपनीचा तपासनीस नवी पॉलिसी देण्यापूर्वी गाडी पाहायला आला, तेव्हा मालकांनी आधी ही फाइल त्याच्यापुढे ठेवली आणि मग बोनेट उघडले.