आधी सांगून, मग लावून

श्रोतेहो, नमस्कार.

आज कार्यक्रमाच्या शेवटी मी तुम्हाला एक रचना ऐकवणार आहे, साधारण सतरा मिनिटांची. संगीतकाराचं नाव रिचर्ड वाग्नर. हे नाव मी आज आधीच सांगतोय, आणि रचना सुरू होण्यापूर्वी पुन्हा एकदा सांगणार आहे. त्याला कारण झाला एक फोन.

काही वर्षांपूर्वी मी वाग्नरची 'वाल्कीरींची दौड' लावली होती. काही न सांगता लावली, नाव नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी ठाण्याहून एका बाईंचा फोन आला. बोलण्याला अलिबागकडचा हेल. त्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. त्या म्हणाल्या, "रागवायला फोन नाही केला हो. आमच्या माणसांना कोकणात कुणी कधी त्रास दिला नाही. पण माझी विहीण इस्रायलहून, हैफाहून आली आहे. तिचे आईवडील पोलंडचे. काल आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो, रेडिओ चालू होता. तुमचं ते सुरू झालं आणि ती हातातली मेथी तशीच टाकून गॅलरीत गेली. मला तर कळलंच नाही काय झालं. तुम्ही आधी सांगितलं असतं, तर मी बंद केला असता."

एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. आधी सांगितलं असतं तर. हे तीन-चार शब्द माझ्या मनातून गेले नाहीत.

वाग्नरचा जन्म १८१३ चा, लाइपझिगचा. मृत्यू १८८३ मध्ये व्हेनिसला. १८५० मध्ये त्याने टोपणनावाने एक लेख लिहिला, 'संगीतातील ज्यूपण' अशा अर्थाच्या शीर्षकाचा. ज्यू माणसाला खरं संगीत निर्माणच करता येत नाही, असा त्याचा सूर. मेंडेलसोन आणि मायरबेअर या ज्यू घराण्यांतल्या समकालीन संगीतकारांवर त्यात घाणेरडी टीका होती. तरुणपणीची चूक म्हणून कुणी सोडून देईल, तर ते जमत नाही. पन्नाशी उलटल्यावर, १८६९ मध्ये, त्याने तोच लेख स्वतःच्या नावानिशी पुन्हा छापला. पुढे हिटलर वाग्नरच्या बायरॉइटच्या नाट्यगृहाचा आणि त्या घराण्याचा जवळचा पाहुणा झाला, आणि न्यूरेंबर्गच्या नाझी पक्षाच्या मेळाव्यांना वाग्नरचा ऑपेरा होऊ लागला. काही जण म्हणतात, हिटलर जन्माला येण्याआधी सहा वर्षं वाग्नर गेला होता, त्याचा काय दोष? मला हे म्हणणं पटत नाही. हिटलरचा दोष त्याच्या माथी नका मारू, पण तो लेख त्याचाच आहे.

आणि तरीही, श्रोतेहो, त्याचं संगीत. 'त्रिस्तान उंड इझोल्डे' या ऑपेराचा पहिला प्रयोग म्युनिकला १८६५ मध्ये झाला. त्याच्या सुरुवातीलाच, काही क्षणांत, एक स्वरसमूह येतो आणि अधांतरी राहतो. आपल्या भाषेत सांगायचं तर गवई निषादावर येऊन थांबलाय आणि षड्ज लावत नाही. कान म्हणतो, लाव ना रे, पण तो दुसरीकडेच वळतो. पुन्हा निषाद, पुन्हा वळण. ऑपेराच्या अगदी शेवटी, चारएक तासांनी, इझोल्डेच्या मृत्यूच्या गाण्यात तो षड्ज लागतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खुर्चीतून उठता येईना. ज्यू लोकांवर या संगीताची मोहिनी नव्हती असंही नाही. 'पार्सिफाल'चा पहिला प्रयोग १८८२ मध्ये बायरॉइटला ज्यांनी संचालित केला ते हेर्मान लेव्ही एका रब्बींचे पुत्र. आणि ज्यूंना स्वतःचं राष्ट्र हवं हे पुस्तक लिहून मांडणाऱ्या थिओडोर हर्झल यांनी लिहून ठेवलंय की ते लिहिताना संध्याकाळी ते वाग्नर ऐकायला जात. ज्या दिवशी ऑपेरा नसे त्या दिवशी त्यांना आपल्या कल्पनांविषयी शंका येत.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती सांगतो. ती आपल्या मुंबईच्या माणसाची आहे.

झुबिन मेहता, जन्म १९३६, मुंबई. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक. योगायोग पाहा, १९३६ मध्येच तिकडे, आजच्या इस्रायलमधल्या तेल अवीवमध्येही एक वाद्यवृंद सुरू झाला. ब्रॉनिस्लाव्ह हुबरमान या व्हायोलिनवादकाने युरोपात नोकऱ्या गमावलेल्या ज्यू वादकांना गोळा करून तो उभा केला. पहिला कार्यक्रम डिसेंबर १९३६ मध्ये, संचालक आर्तुरो तोस्कानिनी. १९३८ मध्ये तोस्कानिनी पुन्हा आले तेव्हा या वादकांनी वाग्नर वाजवला होता. हो, वाजवला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ज्यूंची दुकानं फुटली, प्रार्थनामंदिरं जळली. त्यानंतरच्या कार्यक्रमात वाग्नरची एक रचना ठरलेली होती, ती वाद्यवृंदाने काढून टाकली. तिथून त्या देशात वाग्नर सभागृहात वाजायचा थांबला. कायदा नाही बरं का. कायदा कधीच नव्हता. संकेत.

झुबिन मेहता १९७७ मध्ये या वाद्यवृंदाचे संगीत संचालक झाले. तिथल्या लोकांना ते परके वाटत नव्हते. १९६७ च्या युद्धात हा माणूस मिळेल ते विमान पकडून त्यांच्याकडे पोचला होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सांगतोय ते धाडस दुसऱ्या कुणाला करता आलं नसतं.

ऑक्टोबर १९८१, तेल अवीवचं मान सभागृह. छापील कार्यक्रम संपला. टाळ्या झाल्या. आता वरची एक रचना वाजणार, तिकडे तशी पद्धत असते. आपल्याकडे भैरवी झाली की संपलं. खरं तर भैरवी सुरू होताच चपला शोधायला निघणारी मंडळी आपल्याकडे वाढत चालली आहेत. गाणारा तीन तास गळा ओतून शेवटचं द्यायला बसतो आणि आपण गाडी काढायच्या घाईत असतो. मला हे सहन होत नाही. असो, तेल अवीवला जाऊ.

मेहता वादनाकडे वळले नाहीत. ते श्रोत्यांकडे वळले आणि बोलू लागले. आता आम्ही वाग्नर वाजवणार आहोत, त्रिस्तानमधलं संगीत. हा लोकशाही देश आहे, इथे सगळं संगीत वाजायला हवं. पण ज्यांना ऐकवणार नाही त्यांनी खुशाल बाहेर जावं. अशा अर्थाचं ते बोलले. वादकांतल्या दोघांनी आधीच, आम्हाला यातून मोकळं करा, असं सांगितलं होतं. त्यांना मोकळं केलं गेलं. त्यांना कुणी जाब विचारला नाही. सभागृहातून काही माणसं उठली आणि बाहेर गेली. बाकीची बसून राहिली.

वादन सुरू झालं. आणि मग एक माणूस व्यासपीठावर चढला. तो श्रोता नव्हता. तो त्याच सभागृहात लोकांना जागा दाखवण्याचं काम करणारा होता. नाझींनी युरोपात केलेल्या ज्यूंच्या संहारातून वाचलेला, आणि १९४८ च्या युद्धातल्या शौर्यासाठी देशाने ज्याला सर्वोच्च मान दिला तो. त्याने सदरा वर केला आणि अंगावरचे व्रण सगळ्यांना दाखवले. माझ्या देहावरून जाऊन वाग्नर वाजवा, असं तो ओरडत होता.

श्रोतेहो, क्षणभर हे चित्र डोळ्यांपुढे आणा. एकीकडे जगातलं एक अत्यंत देखणं संगीत. दुसरीकडे उघडं पोट आणि त्यावरच्या खुणा. यातलं खोटं काय आहे? मला विचाराल तर दोन्ही खरं आहे. ते संगीत त्या माणसाला खोटं पाडत नाही, आणि तो माणूस त्या संगीताला खोटं पाडत नाही.

मेहतांच्या बाजूने मी एकच गोष्ट सांगेन. त्यांनी लपवून वाजवलं नाही. आधी सांगितलं. दार उघडं ठेवलं. पुन्हा सांगतो, आधी सांगितलं आणि दार उघडं ठेवलं.

वीस वर्षांनी, जुलै २००१ मध्ये, जेरुसलेमला डॅनियल बारेनबोइम यांनीही बर्लिनच्या वाद्यवृंदासह तसंच केलं. ठरलेला कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांना विचारलं, अर्धा तास सभागृहात वाद झाला, काही जण दारं आपटून गेले, उरलेल्यांनी त्रिस्तान ऐकलं आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याआधी २००० मध्ये रिशोन लेत्सियोनला 'सीगफ्रीड इडिल' झालं. ही रचना वाग्नरने पत्नीच्या वाढदिवसासाठी केली आणि १८७० च्या नाताळच्या सकाळी घरातल्या जिन्यावर वादक उभे करून तिला जागं केलं. इतकी कोवळी रचना. संचालक मेंडी रोदान स्वतः संहारातून वाचलेले. आणि श्रोत्यांत बसून करकर वाजणारं खेळणं फिरवून निषेध करणारे म्हातारे गृहस्थ, तेही वाचलेलेच.

पण मला रेडिओवाला म्हणून सगळ्यात जवळची वाटते ती २०१८ ची घटना. इस्रायलच्या सरकारी रेडिओवर वाग्नरच्या ऑपेराचा एक भाग लागला, लोक दुखावले, आणि रेडिओने माफी मागितली. काही संगीतप्रेमी यावर चिडले. मी चिडलो नाही. सभागृहात माणूस तिकीट काढून येतो, दार कुठे आहे ते त्याला दिसतं. रेडिओ विचारून घरात येत नाही. कुणी भाजी निवडत असतं, कुणाला आंघोळ घालत असतं. आपल्याकडे काही गायक रागाचं नाव सांगत नाहीत, श्रोत्याने ओळखावं म्हणतात. मैफलीत ते ठीक असेल. रेडिओवर मला ते कधीच पटलेलं नाही. काय वाजणार हे कळण्याचा हक्क ऐकणाऱ्याचा आहे, आणि तो आधी कळण्याचा.

मी वाग्नर ऐकतो. ऐकत राहणार. त्याचा तो लेखही मी विसरणार नाही, आणि त्रिस्तान लागला की अंगावर काटाही येणार. मात्र त्या फोननंतर एकदाही मी तो न सांगता लावलेला नाही.

तर श्रोतेहो, आता लावतोय. रिचर्ड वाग्नर. त्रिस्तान उंड इझोल्डे, सुरुवातीचं वादन आणि शेवटचं मृत्यूगीत, सलग. सतरा मिनिटं. ठाण्यात, अलिबागला, पेणला, किंवा सातासमुद्रापलीकडे इंटरनेटवरून तुम्ही ऐकत असाल आणि तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कुणाला हे नको असेल, तर आवाज बंद करा. घाई नाही, मी थोडा थांबतो. सतरा मिनिटांनी पुन्हा लावा. त्यानंतर मेंडेलसोनचं व्हायोलिन कन्चेर्टो आहे.