स्वातंत्र्य सोडलं तरी चीन ऐकत नाही

नमस्कार मंडळी. हिवाळ्यात तिबेटी लोकांकडून स्वेटर आपण सगळ्यांनीच घेतलेत, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तर त्यांची वसाहतच आहे, पण हे लोक घरदार सोडून इथं का आले ते आपण कधी विचारत नाही, म्हणून आज तेच बोलूया.

चीन म्हणतो तिबेट पूर्वापार आमचाच. तिबेटी म्हणतात, १९१३ ला तेराव्या दलाई लामांनी (दलाई लामा म्हणजे तिबेटचे सर्वोच्च धर्मगुरू, प्रत्येक नवे दलाई लामा आधीच्यांचा अवतार मानले जातात) स्वातंत्र्य जाहीर केलं, पुढं जवळपास चाळीस वर्षं सरकार आमचं, सैन्य आमचं, नोटासुद्धा आमच्या. मग ऑक्टोबर १९५० ला चिनी सैन्य पूर्व तिबेटमधल्या चामदोत घुसलं आणि २३ मे १९५१ ला बीजिंगमध्ये चीन आणि तिबेटचा सतरा कलमी करार झाला. त्याचं चौथं कलम बघा, चीननं लिहून दिलंय की तिबेटची राज्यव्यवस्था आणि दलाई लामांचं स्थान आम्ही बदलणार नाही! आणि आठच वर्षांत, मार्च १९५९ ला, २३ वर्षांचे आताचे, म्हणजे चौदावे दलाई लामा साध्या सैनिकाच्या वेशात रात्री राजधानी ल्हासातून निघाले, मागं त्यांच्या नोर्बुलिंका राजवाड्यावर तोफा डागल्या गेल्या, ते तवांगमार्गे भारतात आले ते कायमचेच.

आता खरी गोष्ट ऐका, दलाई लामा स्वातंत्र्य मागतच नाहीयेत. १९८८ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की परराष्ट्र धोरण चीनकडं राहू दे, बाकी कारभार आम्हाला करू द्या. कितीतरी तिबेटी तरुणांना हे आजही मान्य नाही, त्यांना पूर्ण स्वातंत्र्यच हवंय. तरी २००२ ते २०१० बोलणी चालली, हाती काही लागलं नाही, कारण मागणीत छिंघाई, सिचुआन या शेजारच्या चिनी प्रांतांमधले तिबेटी भागही आहेत आणि चीनला तो देश तोडायचाच डाव वाटतो.

मला विचाराल तर चीनवर विश्वास ठेवायचा कसा? १९९५ ला दलाई लामांनी सहा वर्षांच्या एका मुलाला पंचेन लामा, म्हणजे दलाई लामांच्या खालोखालचे धर्मगुरू, म्हणून मान्यता दिली, तीन दिवसांत चीननं त्याला आईवडिलांसकट उचललं आणि गादीवर स्वतःच्या पसंतीचा मुलगा बसवला. आता पुढचा दलाई लामाही आमच्या मंजुरीशिवाय ठरणार नाही म्हणतायत, देवधर्म न मानणारा कम्युनिस्ट पक्ष अवतार ठरवणार, हे कुठल्या तिबेट्यानं मान्य करायचं? तो उचलून नेलेला मुलगा आज पस्तिशीच्या पुढं गेलाय, चीन सांगतो तो मजेत आहे. मग एकदा त्याला जगासमोर येऊन स्वतःच्या तोंडानं बोलू द्या की.